सासूचं पथ्य, सुनेची हनुवटी

सांगलीच्या बाजारात एके काळी अशी बातमी उठली होती की गुळानं बायकांना दाढी येते. ती उठवण्यात माझा हात होता. आता इतकी वर्षं उलटल्यावर, आणि त्यापायी ज्यांचा जीव कासावीस झाला ते व्यापारीही राहिले नसल्यानं, हे कबूल करायला हरकत नाही.

मी नानांच्या दवाखान्यात कामाला होते. नाना म्हणजे आमचे वैद्य. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, आणि बाईमाणूस समोर आलं की नजर थेट औषधांच्या कपाटाकडे. गूळबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचा दवाखाना होता. त्याला दोन दारं होती. पुरुष पुढच्या दारानं येत आणि नानांसमोर बाकावर बसत. बायका बोळातल्या पायऱ्या चढून मागच्या दारानं आतल्या खोलीत येत. मध्ये पडदा, तो माझ्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. पडद्याच्या अलीकडे माझं राज्य होतं. लोक मला ‘आतल्या बाई’ म्हणत.

माझं लग्न झालं होतं आणि दोन वर्षांत संपलंही होतं. मग मिरजेला राहून शुश्रूषेचं शिकले आणि भावाच्या घरी सांगलीला येऊन राहिले. माझं काम असं, की आलेल्या बाईची जीभ, डोळे, पोट, सूज सगळं पाहायचं, तिला विचारायचं आणि पडद्यापलीकडे सांगायचं. नाडी मात्र नाना स्वतः बघत. बाई पडद्याखालून हात बाहेर काढी आणि नाना कपाटाकडे बघत तो धरत. एकदा मी गंमत म्हणून माझाच हात बाहेर काढला. नानांनी बराच वेळ नाडी धरली आणि म्हणाले, ‘‘हिला काहीही झालेलं नाही. ही फक्त फार बोलते.’’ त्यानंतर मी तो खेळ केला नाही.

अडचण एकच होती. पडद्याला डोळे झाकता येत, कान नाही. आत बाईनं हळू आवाजात काही सांगावं आणि मी ते नानांना मोठ्यानं सांगावं, तर बाहेरच्या बाकावरचे दहा शेतकरी ऐकणार. म्हणून आम्ही काही शब्द ठरवले होते. एखादीच्या हनुवटीवर किंवा ओठावर केस आले असतील, तर मी म्हणायची, ‘‘नाना, तण आहे.’’ नाना विचारत, ‘‘किती?’’ मी सांगे, ‘‘बांधाला आहे,’’ किंवा ‘‘रानभर आहे.’’ बाकावरचे लोक वैद्यांच्या शेतीबद्दल फार हळहळत. एक म्हातारा तर जाताना नानांना म्हणाला, ‘‘आवं वैद्य, चार बाया लावून येकदा भांगलून घ्या की. बारा म्हयनं तुमच्या रानात तणच!’’ नानांनी मान डोलावली आणि त्याला सुंठ जास्त दिली.

आता ही तक्रार घेऊन येणारी कुठलीही बाई ‘मला केस आलेत’ असं म्हणत नसे. ती म्हणे, ‘‘माझी एक शेजारीण आहे.’’ माझ्या हिशेबानं त्या काळात सांगलीतल्या प्रत्येक घराला एक दाढीवाली शेजारीण होती. बोलणारीचा पदर नाकापर्यंत ओढलेला असे आणि हनुवटी त्याआड असे. मीही त्या शेजारणीलाच प्रश्न विचारी. शेजारणीचं वजन वाढलंय का? शेजारीण खाते काय? आणि शेजारणीची पाळी वेळेवर येते का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकींचा पदर खाली यायचा.

नाना जुन्या पद्धतीचे होते, पण त्यांनी डोळे उघडे ठेवून वैद्यकी केली होती. डोळे कपाटावर असले तरी. ते म्हणत, तण दोन जातीचं. एक घराण्यातलं. आईला होतं, आत्याला होतं, म्हणून हिला आहे. त्याला पथ्याचा उपयोग नाही. दुसरं मागाहून आलेलं. अंग सुटतं, पाळी दोन-दोन, चार-चार महिने येत नाही आणि हनुवटीवर केस दिसायला लागतात. ही तिन्ही दुखणी बहिणी-बहिणी असतात. तिथे गोड कमी केलं, ज्वारीची भाकरी, मेथी, हरभऱ्याचा पाला, ताक, जवसाची चटणी असं साधं खाल्लं आणि पाय मोकळे केले, तर पाळी ताळ्यावर येते आणि नव्या केसांची घाई कमी होते. उगवलेला केस मात्र पथ्यानं गळत नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकीला सांगायची आणि प्रत्येक बाई ते घरी पोचायच्या आत विसरायची.

घराण्यातल्या तणाची एक बाई मला अजून आठवते. जतकडची मेंढरंवाली होती. मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरली होती आणि डोळे आले म्हणून आमच्याकडे आली. वरच्या ओठावर चांगली ठसठशीत मिशी. अंगानं काटक, दिवसाला पाच-सहा कोस चालणारी. मी माझं ज्ञान पाजळत विचारलं, ‘‘मावशी, गूळ किती खाता?’’

‘‘गूळ? दिवाळीला बघितलेला,’’ ती म्हणाली. ‘‘का वं?’’

मी माझ्या ओठावर बोट ठेवलं. ती खदखदून हसली. ‘‘ह्या? ह्या आमच्या आईच्या हायत. तिनं दागिनं काय दिलं न्हाईत, ह्या दिल्या. चार लेकरं झाली ह्या मिशांवर. तुमी डोळ्याचं बगा.’’

मी डोळ्याचं बघितलं. आणि खाण्यावर सगळ्यांचा दोष ढकलायची माझी खोड थोडी कमी झाली.

थोडीच. कारण त्याच सुमाराला गूळबाजारातल्या एका बड्या अडत्याची बायको आपल्या शेजारणीची तक्रार घेऊन आली. मी तिला गूळ बंद करायला सांगितलं आणि जरा फुशारकीनं म्हणाले, ‘‘गूळ सोडला नाहीत तर मालकांना वस्तरा दोघांत वाटून घ्यावा लागेल.’’ म्हणजे, शेजारणीच्या, असं मी घाईघाईनं जोडलं. ती बाई हसली, घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, की वैद्य म्हणतात गुळानं दाढी येते.

दुसऱ्या दिवशी अडते छत्री उगारतच आत शिरले. ‘‘वैद्यबुवा, आमचा माल बदनाम करता? अख्खी पेठ गुळावर जगते!’’ नानांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘दाढी? कुणाला?’’ आता यावर अडते काय उत्तर देणार? त्यांच्या घरात कुणाला आली ते चारचौघांत सांगायचं कसं? ते छत्री मिटून तसेच परत गेले.

पण बातमी पेठेत फिरत राहिली आणि फिरता फिरता तालमीत पोचली. तिथल्या ज्या पैलवानांना अजून मिसरूड फुटलं नव्हतं, त्यांनी गूळ खायचा सपाटा लावला. अडत्यांच्या दुकानासमोर पहाटे मेहनत करून आलेले पैलवान गुळाच्या ढेपेची चौकशी करत उभे राहू लागले. आठ दिवसांनी अडत्यांकडून दवाखान्यात गुळाची एक अख्खी ढेप आली. नाना मला म्हणाले, ‘‘ही तू घरी ने. आणि खाऊ नकोस.’’

या सगळ्या चेष्टेत हौसा आली आणि माझी चेष्टा काही दिवस बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. हौसा कृष्णाकाठच्या एका गावची सून, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. लग्न झालं आणि महिन्याभरात नवरा पलटणीबरोबर समुद्रापलीकडे गेला. शंकर त्याचं नाव. ते नाव अर्थातच तिनं मला कधी सांगितलं नाही, सासूनं सांगितलं. पहिल्या दिवशी हौसा एकटीच आत आली. सासूला बाजारात काम होतं. तिनं शेजारीण वगैरे काही काढली नाही. सरळ पदर बाजूला केला. हनुवटीवर पाच-सहा ठिकाणी कापलेलं होतं, दोन जखमा चिघळल्या होत्या आणि त्यांच्यामधून काळे, राठ केस वर आले होते.

‘‘हे काय गं?’’

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक वस्तरा काढला. ‘‘त्यांचा हाय. ट्रंकंत ठिवून गेल्यात.’’

आरसा न घेता, गोठ्यात बसून, कोरड्या हनुवटीवर ती तो फिरवत होती. मी आधी जखमा धुतल्या. मग तिनं सांगितलं ते ऐकून माझेच हात थांबले. सासूच्या, बायजाबाईंच्या नजरेला ते केस पडले होते. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, तोवर त्या गप्प होत्या. आता त्या म्हणाल्या होत्या, ‘‘लेक लढाईवरनं येईस्तवर ही अशीच ऱ्हायली, तर मी त्याला दुसरी करून देनार. दाढीवाल्या बायकूसंग त्यानं का म्हनून ऱ्हावं?’’

त्या काळी हे नुसतं बोलणं नसे. दुसरी आणलेली घरं मी पाहिली होती. पहिली मग गोठ्यापुरती उरायची.

‘‘बाई, ते यायच्या आत जाईल का वं हे?’’ तिनं विचारलं.

मी पडद्याकडे जाऊन सांगितलं, ‘‘नाना, तण आहे. रानभर. पाळी चार महिने नाही. अंग सुटलंय.’’ नानांनी पथ्य सांगितलं. मी ते हौसाला समजावून दिलं आणि वर आणखी दोन गोष्टी स्वतःच्या अकलेनं केल्या. दोन्ही चुकल्या.

पहिली म्हणजे तो वस्तरा मी काढून घेतला आणि कपाटात टाकला. वस्तरा फिरवला की केस दुप्पट जाड येतात, असं मला ठामपणे वाटत होतं. ते खरं नाही हे कळायला मला फार वर्षं लागली. त्या पोरीला स्वच्छ वस्तरा, गरम पाणी आणि साबण कसा वापरायचा एवढं जरी दाखवलं असतं, तरी तिचे कितीतरी दिवस बरे गेले असते. ते मी केलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूक तिला ‘खाणं कमी कर’ असं सांगण्याची. हौसा शहाणी होती. तिनं विचार केला, खाणं कमी म्हणजे उपास. तिनं औंधच्या यमाईला नवरा सुखरूप यावा म्हणून बोललेलंच होतं, त्यात आणखी वार धरले. सोमवार, मंगळवार, शुक्रवार, शिवाय एकादशी आणि संकष्टी. मुलासाठी सून उपास करते म्हटल्यावर सासू खूश. म्हणजे उपासाच्या दिवशी सुनेला काय मिळणार? साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वरून काकवी, शेंगदाणे-गुळाचे लाडू आणि बटाट्याचा कीस. तेही ताजं ताजं, दुपारी सगळ्यांच्या आधी, देवीचं म्हणून. पोरगी आठवड्यातून तीन-चार दिवस मन लावून उपास करत होती.

संक्रांतीनंतर ती आली तेव्हा बांगड्या हातात रुतल्या होत्या आणि केस गळ्यापर्यंत उतरले होते. ‘‘बाई, येवढं उपास केलं, तरी!’’ ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला नीट विचारत गेले आणि लाडवापाशी आले तेव्हा मला हसू आलं. ते मी गिळलं, पण पलीकडून नानांना खोकल्याची उबळ आली. ते हसले की असेच खोकत.

‘‘बरं, उपास नसेल त्या दिवशी काय खातेस?’’ मी विचारलं.

‘‘भाकरी आन् गूळ.’’

‘‘आणि भाजी?’’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परगावची आहे. ‘‘भाजी कुठनं ऱ्हाती? आधी बापय मान्सं जेवत्यात. मग दीर-नणंदा, मग आत्याबाई. सगळं आवरून मी बसते तवा कालवनाचं भांडं पुसून घ्यायचं. ऱ्हातंय काय, तर भाकरी आन् गूळ. गूळ आमच्यात कवा सरत न्हाई.’’

ऊसवाल्याच्या घरात बाकी सगळ्याला माप होतं, गुळाला नव्हतं. सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, उरेल ते खायचं आणि उरायचा तो फक्त गूळ. नाना पलीकडून एकदम म्हणाले, ‘‘अगं, मग हिला पथ्य देऊन काय उपयोग? हिच्या ताटात काय पडायचं ते ठरवणारी दुसरीच आहे.’’

ती दुसरी त्या वेळी बोळातल्या पायऱ्यांवर बसली होती. बायजाबाई. थोराड बांधा, दोन्ही गुडघे सुजलेले. आमच्या चार पायऱ्या चढायला त्यांना भिंतीचा आधार लागायचा, म्हणून त्या वर येतच नसत. मी नानांना पडद्याआडून चार वाक्यं सांगितली. ‘‘खोटं मला बोलता येत नाही,’’ नाना म्हणाले. मी म्हणाले, ‘‘नाना, गुडघ्यांसाठी हेच पथ्य दिलंत तर त्यात खोटं काय आहे? वजन उतरलं तर गुडघे हलके होतीलच की.’’

नाना म्हणाले, ‘‘बोलाव त्यांना.’’

मी बायजाबाईंना हात धरून वर आणलं. पडद्याखालून त्यांचा हात गेला. नानांनी एवढा वेळ पुन्हा कुणाची नाडी पाहिली नाही. मग गंभीर आवाज आला. ‘‘बाई, गुडघ्यांत वात धरलाय. औषध देतो, पण औषध दोन आणे आणि पथ्य चौदा आणे. गूळ बंद. काकवी बंद. साबुदाणा बंद. ज्वारीची भाकरी, पाल्याची भाजी, जवसाची चटणी, ताक. दिवस मावळायच्या आत जेवण. सकाळी मळ्यापर्यंत चालत जायचं नि यायचं.’’

‘‘बरं,’’ बायजाबाई म्हणाल्या.

‘‘आणि एक आहे. हे पथ्य एकट्यानं केलं तर लागू पडत नाही.’’

‘‘म्हंजी?’’

नानांना पुढचं सुचेना. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना. मी अलीकडून म्हणाले, ‘‘म्हणजे घरातल्या एका बाईमाणसानं तुमच्यासमोर बसून, त्याच वेळी, तेच खायचं. तुमच्या ताटात जेवढी भाजी तेवढीच तिच्याही. चालायलाही तिनंच बरोबर यायचं. जोडीशिवाय वात हलत नाही.’’

‘‘व्हय, व्हय,’’ पलीकडून नाना म्हणाले, आणि त्या गडबडीत त्यांचीही भाषा बदलली.

बायजाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग हौसाकडे बघितलं. ‘‘मंग हीच बसंल की,’’ त्या म्हणाल्या.

नव्या सुनेनं सासूसमोर बसून, सासूच्या बरोबरीनं, दिवसाउजेडी जेवायचं हे त्या गावात कुणी पाहिलं नसेल. पण वैद्यानं सांगितलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? दर महिन्याला दोघी बाजाराच्या दिवशी येत. बायजाबाईंची तक्रार असे की गुळाविना जीव जातो. हौसा काही बोलत नसे, पण बांगड्या सैल व्हायला लागल्या. चौथ्या महिन्यात तिनं मला कोपऱ्यात ओढून कानात सांगितलं की पाळी आली. मी इतक्या मोठ्यानं ‘‘शाब्बास!’’ म्हणाले की नाना पलीकडून म्हणाले, ‘‘काय झालं?’’ बाकावर माणसं होती. मी म्हणाले, ‘‘पाऊस झाला, नाना.’’ बाकावरचे सगळे उठून बाहेर आभाळ बघायला गेले.

केस मात्र होते. नवीन कमी येत होते, गळ्यावरचे विरळ झाले होते, पण हनुवटीवरचे जुने जागच्या जागी. हौसा हळद आणि हरभऱ्याच्या पिठाचं उटणं चोळायची, दोऱ्यानं उपटायची आणि दिवस मोजायची. मी तिला खरं सांगितलं होतं, तरी रोज सकाळी ती हनुवटीवर हात फिरवून बघत असणार. आणि मग लढाई संपली. गावोगाव शिपाई परतायला लागले. त्या महिन्यात सासू-सुना आल्या नाहीत. पुढच्याही नाही. मी मनात जे समजायचं ते समजले.

एका सकाळी खाकी कोट घातलेला एक दणकट माणूस पुढच्या दारानं आला. त्याची दाढी चार-पाच दिवसांची वाढलेली. त्यानं नानांना रामराम केला आणि म्हणाला, ‘‘मला आतल्या बाईंसंग बोलायचंय.’’ पुरुषानं पडद्याजवळ यायचं नाही हा आमचा नियम. पण त्याचा आवाज ऐकून नाना बाजूला झाले, आणि मी पडदा सारून उंबऱ्यावर आले.

‘‘मी शंकर,’’ तो म्हणाला. ‘‘माझा वस्तरा तुमच्याकडं हाय.’’

म्हणजे सगळं कळलेलं होतं. मी कपाट उघडलं आणि वस्तरा त्याच्या हातात दिला. त्यानं पातं बाहेर काढून अंगठ्यावरून अलगद फिरवलं.

‘‘ह्याची धार पार गेलीया,’’ तो म्हणाला.

‘‘चूक माझी आहे,’’ मी म्हणाले. ‘‘तिला काही बोलू नका. तिनं दीड वर्षं काय काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही.’’

‘‘म्हाईत हाय की. समदं सांगितलं तिनं. आमच्या पलटणीत वस्तरा कुनीबी कुनाचाबी वापरायचा, बाई. त्यात काय येवढं?’’ तो वस्तरा मिटून त्यानं कोटाच्या खिशात घातला. ‘‘आता धार लावून घेतो. रोज सकाळी दोघांना लागंल.’’

मी मान वळवली. नानाही खोकायला लागले, आणि हा खोकला हसण्याचा नव्हता.

शंकर निघाला नाही. जरा घुटमळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘आनी बाई, आमच्या आईचं पथ्य कवा सुटतंय? तीन वर्सं डब्यातलं खाल्लं. वाटलं, घरी जाऊन गुळाची पोळी खाईन. तर घरात गुळाचा खडा न्हाई. घरचं गुऱ्हाळ आसून! आई म्हनती, वैद्य सोडा म्हनंस्तवर घरात आनायचा न्हाई. मी येकदा मागनं जाऊन काकवी पिऊन आलो, तर शिव्या दिल्या.’’

आता पथ्य सोडायला सांगायचं तर सून पुन्हा शेवटच्या पंगतीला जाणार आणि गुळाशी येणार. मी म्हणाले, ‘‘आईंना पाठवून द्या. बघू.’’

बायजाबाई पुढच्या बाजारी आल्या. एकट्या. मी त्यांना बसवलं आणि सांभाळून म्हणाले, ‘‘मावशी, आता गुडघे बरे दिसतात. तुमचं पथ्य थोडं सैल करायला हरकत नाही. सुनेनं मात्र अजून वर्षभर—’’

‘‘बाई,’’ त्या मध्येच म्हणाल्या, ‘‘माझं गुडघं दुखायचं आन् सुनंनं ताटात भाजी घ्यायची, ह्ये मला पयल्याच दिशी कळलं हुतं. येवढी खुळी न्हाई मी.’’

पडद्यापलीकडे काहीतरी खाली पडलं. बहुतेक खलबत्ता.

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘काय बोलायचं? घरात मी म्हनले आसते, हिला आधी वाढा, तर बापयांनी मला खुळ्यात काढलं आसतं. वैद्य म्हनले, म्हनून झालं.’’

हा सगळा डाव आपण खेळलो या समजुतीत मी वर्षभर मिरवत होते. मग मला ते जुनं आठवलं आणि राहवेना. ‘‘आणि मावशी, ती दुसरी करून देणार म्हणत होतात, ते?’’

बायजाबाईंनी पदर सारखा केला. आधी त्या खाली बघत होत्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘म्हनत हुते. राग हुता तवा. मंग समोर बसून ती जेवाय लागली, तवा बगितलं. पोरगी भाजी अशी खायची, की जनू कवा बगितलीच न्हाई. माझ्या घरात तीन वर्सं. म्हनलं, दुसरी आनली आसती तर तिलाबी म्या शेवटीच बशिवलं आसतं. वर्सानं तिलाबी दाढी आली आसती.’’

नाना या वेळी खोकले नाहीत.

‘‘पथ्य ऱ्हाऊ द्या तसंच,’’ त्या उठत म्हणाल्या. ‘‘पोरापुरता गूळ आनीन मी. आमी दोघी बसतोय ते बसतोय. गुडघं दुखायचं मातुर खरंच ऱ्हायलं बगा.’’

आणि भिंतीला हात न लावता त्या आमच्या चारही पायऱ्या उतरून गेल्या.